दुसरा पेला

सुधारगृहातून सुटलेल्या पोरांना मार्गाला लावायचं काम मी गेली एकोणीस वर्षं बिनपगारी करतेय. आमचा एक नियम आहे. देखरेखीची मुदत संपली, की तो मुलगा कुठेही दिसला तरी आपण होऊन ओळख दाखवायची नाही. त्याचं मागचं चारचौघांत उघडं पडायला नको.

म्हणून मी हमासाकीबाईंच्या टोफूच्या दुकानात परक्या गिऱ्हाइकासारखी उभी होते, आणि आत तेत्सुया वड्या कापत होता. मुदतीची दोन वर्षं दर गुरुवारी तीन वाजता तो माझ्याकडे चहाला यायचा.

"आला तेव्हा नुसता ठोंब्या होता हो," बाई म्हणाल्या. "मान वर करून बोलेल तर शपथ! मी घडवला त्याला. आता मला आई म्हणतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती मान वर यावी म्हणून आठ महिने मी एकटीच बडबडले होते. मला मात्र शेवटपर्यंत 'सेन्सेई', म्हणजे मास्तरीणबाईच म्हणाला मेला.

"दोन वड्या द्या," मी तुटकपणे म्हटलं.

बाईंनी आवाज खाली आणला. "एकच खोड आहे त्याला. गुरुवारी तीन वाजले, की गिऱ्हाईक सोडून मागे जातो, दोन पेले चहा ओततो आणि एकटाच बसून राहतो. परवा मी दुसरा पेला उचलायला गेले, तर म्हणे, 'आई, तो नको. तुम्हाला वेगळा करून देतो.' कुणाचा म्हणून विचारलं, तर सांगत नाही."

"असेल कुणाचा तरी," मी म्हटलं, आणि पहिल्यांदाच हमासाकीबाईंकडे बघून तोंडभर हसले.