मामांच्या ताटातला रोहू

मेलेल्या रोहूचे कल्ले लाल नव्हते. राखाडी पडून चिकट झाले होते. प्रयोगशाळेत ते तपासताना हिराला कारणही सापडलं. परदेशी जाणाऱ्या गुलाबांच्या पॉलीहाऊसमधलं कीटकनाशक ओढ्यातून नदीत उतरत होतं, आणि पॉलीहाऊस तिच्या सख्ख्या मामांचं होतं. तिच्या वडलांसह नदीत मासे धरणाऱ्या साऱ्या भोयांनी मामांवर दावा लावला, पण साक्ष द्यायला हिराचं मन धजेना. तिला शिकवलं होतं ते मामांनीच.

रविवारी मामा कर्वेनगरला तिच्याकडे जेवायला आले. पाटावर बसता बसता म्हणाले, "बापाला समजाव जरा. पाणी चांगलं आहे. जाळं टाकायचा कंटाळा, दुसरं काय!"

हिरानं ताट वाढलं. मामांनी तळलेली तुकडी मोडली.

"कुठला गं मासा?"

"तुमच्या ओढ्याखालचा. बाबांनी पहाटे धरला."

मामांचा घास तोंडापर्यंत जाऊन परत आला. तुकडी हळूच ताटाच्या कडेला सरकली.

"अगं, आज संकष्टी नाही का? विसरलोच बघ."

"संकष्टी मंगळवारीच झाली, मामा. आणि मासा गणेश पेठेतल्या बाजारातला आहे, खा निवांत. उद्या कोर्टात साक्ष मी देणार आहे."