पिवळी पट्टी

हाडं वाकवणारं फ्लोराइड पाण्यात असलं की पिवळी पट्टी लाल व्हावी, एवढंच प्रज्ञाचं संशोधन. पण तिच्या पट्ट्या चांगल्या पाण्यातही लाल होत आणि जळगावच्या प्रयोगशाळेत सर वैतागत. आज घरची बाटली विसरली, म्हणून तिनं तिथल्या नळाचं पाणी घेतलं. पट्टी पिवळीच राहिली. सर खूश झाले; तिच्या मात्र ध्यानात आलं, पट्ट्या आधीपासूनच बरोबर होत्या. इतके दिवस चांगलं म्हणून नेलेलं पाणी धरणगावकडच्या तिच्या वस्तीतल्या बोअरचं होतं. संध्याकाळी तिनं आई केसरबाईसमोर बोअरच्या पाण्यात पट्टी बुडवली, लाल झाली. गावविहिरीच्या पाण्यात दुसरी बुडवली, पिवळी राहिली. वाकलेले गुडघे चोळत केसरबाई म्हणाली, “त्या विहिरले आम्हाले हात लावू देत नव्हतात; कोनी वरून पानी वती देई म्हनीसन घागर लिसन आम्ही तासन्तास उभ्या राहूत. भांडीसन हाऊ बोअर लिधा. आते परत तठे उभी राहू का, माय?”