पिवळे डोळे

सौसरहून पांढुर्ण्याला जाणाऱ्या बसमध्ये शेजारच्या मुलीनं पर्समधून हिरवी डबी काढली आणि विजयमालाबाईंनी ती लगेच ओळखली. तशीच डबी लेकाच्या, कुलदीपच्या उशाखाली सापडली होती. "काय खाऊन राहिली वं बेटा?" "चरबी कमी करायच्या गोळ्या, काकू. जडीबुटीच्या हायेत, काही होत नाही. पुढच्या महिन्यात लग्न हाय माझं." कुलदीपही असंच म्हणायचा. मुलगी हसली. खिडकीतल्या उन्हात तिचे डोळे पिवळे दिसले. कुलदीपचे तसे डोळे बाईंना अजून स्वप्नात दिसत. "गोळ्या बंद कर. माझ्यासंग दवाखान्यात चाल." "तुम्ही डॉक्टर हाय का?" "नाही. माझा पोरगा याच गोळ्यांनी गेला. त्याचं लिव्हर संपलं होतं." मुलीचा चेहरा उतरला. पांढुर्णा येताच बाईंनी तिचा हात धरला. तपासण्या पाहून डॉक्टर म्हणाले, "बरं झालं, वेळेत आणलं." बाईंना रडू कोसळलं.