दोन अक्षरं

एकोणऐंशी साली वालूरच्या शाळेत संध्याकाळी बायांचा साक्षरतेचा वर्ग भरायचा. एके दिवशी गुरुजींनी प्रत्येकीचं नाव फळ्यावर लिहिलं आणि पाटीवर उतरवायला सांगितलं. कमलबाई, बायनाबाई, दैवशालाबाई. भीमनगरातून येणाऱ्या बाईसाठी मात्र त्यांनी नुसतं ‘कडू’ लिहिलं; गाव तिला तशीच हाक मारी. पाट्या तपासताना ते तिच्यापाशी थांबले. पाटीवर ‘कडूबाई’ होतं. “हे तुला कुणी सांगितलं?” पाटी तिनं खाली ठेवली नाही. “कुनी न्हाई, गुरुजी. बायनाबाईच्या नावातलं ‘बाई’ बघून लिवलं. माझ्याबी नावात हाय ते.” गुरुजी फळ्यापाशी गेले. ‘कडू’पुढं त्यांनी दोन अक्षरं जोडली. “चुकलं माझं, कडूबाई. तुमचं बरोबर आहे.” तिनं मान वर केली. “चुकू द्या, गुरुजी. मीबी चारदा पुसलं, तवा कुठं जमलं.”