पुढचे नऊ

दंतवैद्यकाचा प्रवेश ब्याण्णव पर्सेंटाइलला थांबला आणि लेक एक्क्याण्णववर अडकली.

“शंभरात एक्क्याण्णव, आणि तरी तोंड एवढंसं?” कवळ्या बनवणाऱ्या बाबांना काही उमगेना.

तिने त्यांच्याच डब्यातले शंभर नकली दात काढून टेबलावर रांगेत मांडले. “मार्क नाहीत हो, बाबा, ही रांग आहे. ही मी. नव्वद जण माझ्या मागे, हे नऊ पुढे. जागा या नऊ जणांतच संपल्या.” बोलता बोलता तिला रडूच फुटलं.

त्या रात्री बाबा उशिरापर्यंत काम करत बसले.

सकाळी ती टेबलापाशी आली, तर पुढचे नऊ दात गायब!

“बाबा, हे कुठे गेले?”

“एका आजींच्या कवळीत बसवले. मार्गी लागले ते.” बाबा चष्मा पुसत म्हणाले, “आता रांगेत पहिलं कोण आहे, बघ बरं.”