सुट्टीतली राखण

"याहून जावई परवडला," मामा पुटपुटले. "तो वर्षातून दोनदा येतो. यांना दर दोन दिवसांनी ताजं आणि कोमट हवं."

मामा प्रयोगशाळेचे मदतनीस. इनक्युबेटरचं दार उघडून ते आतल्या बाटल्यांनाच ऐकवत होते. तिला हसू आलं, सुट्टी लागल्यापासून पहिल्यांदाच.

इमारतीत ती दोघंच होती. बाकीचे संशोधक विद्यार्थी आपापल्या घरी गेले होते, बाटल्यांत वाढवलेल्या पेशी इथेच ठेवून. पेशींना सुट्टी कळत नाही. दर दोन दिवसांनी जुना पोषक द्रव काढायचा, नवा घालायचा. दोन खेपा चुकल्या की वर्षाचं काम गटारात. म्हणून दर सुट्टीत कुणीतरी एक मागे राहतं.

यंदा खरं तर नंबर, सगळे जिला बडबडी म्हणत त्या मैत्रिणीचा होता, तिचा नव्हता. तिने महिनाभर आधीच आपल्या मार्गदर्शक मॅडमना सांगून ठेवलं होतं, मला या वेळी घरी जायचंच आहे. बाबांची नजर जात चालली होती. पुढच्या सुट्टीपर्यंत ते माणसं आवाजावरूनच ओळखतील, असं डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, "अगं, जा की. विचारतेस काय?"

निघायच्या आदल्या दिवशी, सामान भरून झाल्यावर, मॅडमनी तिला खोलीत बोलावलं.

"तुझ्या पेशी ऐन भरात आहेत," त्या फाइल चाळत म्हणाल्या. "चार वर्षं घातलीस त्यांच्यात. आत्ता दुसऱ्याच्या हाती देणार? मी काही सांगत नाही. तुझं तू ठरव."

तिने ठरवलं. एवढीशी चिमूटभर होती तेव्हापासून तिने ती पेशींची जात वाढवली होती. त्यांची ओळख पटवायला नमुना बाहेर तपासायला दिला होता, तो अहवाल सुट्टीनंतर यायचा होता. तो आला की प्रबंध लिहायला बसायचं. स्वतःच्या पेशींना खायला घालायचंच आहे, तर बाकीच्या चौघांच्या बाटल्यांनी असं काय ओझं होणार?

जाताना सगळे फार गोड वागले. साखरेचा दाणाही मोजून देणारा चिकटराम आपला कॉफीचा अख्खा डबा तिच्या टेबलावर ठेवून गेला. बडबडी तर एक शब्दही न बोलता गळ्यात पडली आणि खाली बघत निघून गेली. आपल्याला इथे ठेवून जायचं म्हणून बिचाऱ्यांना वाईट वाटतंय, असं तिला वाटलं.

फोन वाजला. आईने 'जेवलीस का' विचारून तो बाबांकडे दिला.

"बाबा, हे काम उरकलं की येतेच मी."

"ये सावकाश. घाई कसली? तू काय, गेल्या वर्षी होतीस तशीच असशील. माझ्या लक्षात आहे." मग त्यांनी विचारलं, "केस कापलेस का गं?"

"नाही."

"मग झालं तर."

फोन ठेवून तिने हात धुतले, हातमोजे चढवले आणि कामाला लागली. आधी दुसऱ्यांच्या बाटल्या, शेवटी आपल्या. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पेशी खेटून बसल्या होत्या, गच्च, टवटवीत.

"मामा, या, बघा तरी! कशा वाढल्यात! माझं राहणं फुकट नाही गेलं म्हणायचं."

मामा आले नाहीत. कोरडं टेबल ते फडक्याने पुन्हा पुन्हा पुसत होते.

"वडील होते ना फोनवर?"

"हो."

"दिसतं अजून त्यांना?"

"उजेडात बसवलं तर. जवळचं."

मामांनी फडकं खाली ठेवलं, मग उचललं, परत ठेवलं.

"ताई, या पेशी तुमच्या नाहीत."

"म्हणजे?"

"पहिल्याच वर्षी कधीतरी दुसऱ्याच पेशी शिरल्या बाटलीत. तुमच्या होत्या त्या तेव्हाच मेल्या. या वाढतायत त्या कुठल्या तरी भलत्याच. अहवालात लिहिलंय तसं."

"काहीतरीच काय, मामा! अहवाल आलाय कुठे अजून?"

"आलाय. मीच ठेवला लखोटा मॅडमच्या टेबलावर, सुट्टीच्या आदल्या दिवशी. त्यांनी माझ्यादेखत सगळ्यांना आत बोलावून वाचून दाखवला, तुम्ही सोडून." मामा तिच्याकडे न बघता बोलत होते. "मग म्हणाल्या, हिला आत्ता कळलं तर ही घरी जाईल, आणि तुम्हा चौघांच्या पेशी मरतील."