घर आवरून येते

चिनारानं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

बाहेर पाहुण्यांची आणखी एक गाडी थांबली होती. दाराशी काठीवर रेलून उभा असलेला तिचा भाऊ मोठ्यानं रडू लागला. आलेले पुरुष रडतच त्याच्या गळ्यात पडले. आता सूर लावायचा तो आतल्या बायकांनी. अंगणात उभारलेल्या लोकरी तंबूत, पडद्यामागे आईला शेवटचं ठेवलं होतं. घरच्या बायका दाराकडे पाठ करून तिच्याजवळ बसल्या होत्या. वहिनीनं सुरुवात केली. उंच डोंगर कोसळला, सोन्याचा दिवा विझला. नारीनच्या खोऱ्यात प्रत्येक मयताला हेच डोंगर कोसळत आणि हेच दिवे विझत.

"आता तू," सायरामावशीनं कोपर मारलं. "आईचा कोशोक लेकीनं म्हणायचा. वहिनीवर किती ढकलशील?"

"रडतेय की मी, मावशी."

"डोळ्यांनी कुणीही रडतं. शब्द कुठायत?"

मागे दोन बायका कुजबुजल्या.

"बुरुलचीच लेक ना गं ही? तिकडे बिश्केक शहरात गाणी लिहिते म्हणे."

"लिहीत असेल. आवाज तिकडेच ठेवून आलेली दिसतेय."

मेलेल्या माणसाला हाक मारून गायचा तो कोशोक. तो गायला बुरुलला लांबलांबून बोलावणी यायची. एका मयताचे शब्द तिनं कधी दुसऱ्याला लावले नाहीत. चिनारा मात्र पहिल्याच कार्यक्रमात अडकली होती. भरल्या सभागृहात एकानं उठून विचारलं होतं, "हे तुमचं, की तुमच्या आईचं?" लोक हसले. तीही हसली. घरी आल्यावर तिनं सगळी गाणी पुन्हा वाचली, आणि तिला कुठलीच आपली वाटेना. तेव्हापासून लिहिलेली प्रत्येक ओळ ती कालच्या दुधासारखी हुंगून बघायची आणि ओतून द्यायची. मग लिहिणंच थांबलं.

आताही तेच. ओळ ओठांवर यायची ती आईची निघायची. नाही तर साऱ्या खोऱ्याची. आणि दुपारी आईला उचलणार होते. एकदा पुरुष तिला घेऊन निघाले की संपलं, बायका कबरीपर्यंत जात नाहीत. जिनं सगळ्या खोऱ्याला शब्द दिले ती लेकीच्या एका ओळीशिवाय जाणार होती.

बाहेर तिची तान्ही आयदाना किंचाळली. चिनाराची पाठ ताठ झाली. कुणाच्या कडेवर आहे? ऊन लागलं का? शेजारीण वाकून आत आली आणि तिनं पोरीला चिनाराच्या मांडीत ठेवलं.

"राहतच नाही बाई कुणाकडे. केव्हापासून तुलाच शोधतेय."

"मयतापाशी तान्हं आणतात का गं?" मावशी फिसकारली.

चिनारानं आधी पोरीच्या कपाळाला हात लावला. रडून तापलं होतं, ताप नव्हता. दूध पिईना. मग तिनं पोरीला छातीशी धरलं, पाठीवर थापटायला लागली आणि रोज रात्री जे गुणगुणायची तेच गुणगुणायला लागली. ते तिनं आजवर कुणाला ऐकू दिलं नव्हतं. तिच्या लग्नात, तिला सासरी धाडताना, आई तिच्यासाठी ते गायली होती.

*मागे नको बघू लेकरा, चूल विझली नाही अजून.*
*पलीकडचंही पाणी गोड असतं, ओंजळ धरून पी.*

पुरुष आत आले. पडदा सरला. पांढऱ्या कापडात आई केवढीशी दिसत होती. त्यांनी तिला उचललं. चिनाराचा आवाज आपोआप चढला.

*अंधाराला भिऊ नको लेकरा, तिथंही आपली माणसं आहेत.*

"अगं बाई, हे तर नवरीचं!" मागून एक बाई म्हणाली. "नवरीचं गाणं मयताला? आणि आईला लेकरू म्हणतेय!"

वहिनीनं घाबरून तिचा दंड धरला. "ताई, चुकलात. 'आई' म्हणा."

सायरामावशीनं वहिनीचा हात बाजूला केला. त्या लग्नात मावशी बुरुलच्या शेजारीच बसली होती. तिला शब्दन् शब्द आठवत होता. तिनं डोळे मिटले आणि खालच्या सुरात साथ धरली. मग आणखी एकीनं. दारात पुरुष थबकले. भावानं आईला खांद्यावर तोलत मान वळवून बहिणीकडे पाहिलं.

शेवटची ओळ राहिली होती. आई ती लग्नात गायली होती, पण लेकीकडे बिश्केकला कधी आली नव्हती. कधी गाय व्यायला झालेली असायची, कधी गवत कापायचं राहिलेलं असायचं. आयदानाला तिनं फक्त फोनवर पाहिलं.

*तू हो पुढे लेकरा. घर आवरते, आणि मी येतेच.*

दाराचा पडदा पडला. बाहेर पावलं दूर गेली. आयदाना केव्हाच झोपली होती, तरी चिनारा थापटत राहिली.

पलीकडच्या गावची एक म्हातारी गुडघ्यावर सरकत जवळ आली. डोळे पुसत म्हणाली, "इतकी मयतं पाहिली पोरी, असा कोशोक नाही ऐकला कधी. कुणाचा गं हा?"

सायरामावशीनं चिनाराकडे पाहिलं. मग झोपलेल्या पोरीच्या उघड्या पावलांवर शाल ओढली.

"माझा," चिनारा म्हणाली.